लेकराचं रक्त वाढवायला घरचा आवळ्याचा पाक: किती खरं, आणि करायचा कसा

गेवराई तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी चार वर्षांची, वजन तेरा किलो. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.१ आलं. लेकरू भाकरीला तोंड लावत नाही, बिस्किटावर राहतं. मेडिकलमधून आणलेल्या टॉनिकच्या दोन बाटल्या संपल्या, अंगी काही लागलं नाही. सासूबाई म्हणतात आवळा, बीट, शेवग्याचा पाला आणि गूळ यांचा पाक घरीच करून दे. मागच्या हिवाळ्यात त्यांनी तो केलाही, पण महिन्याभरात झाकण उघडताना फस्सकन आवाज आला, वर फेस आणि ताडीसारखा वास. आता ताई विचारतात की पाक टिकेल असा कसा करायचा, गूळ घालावा, साखर की मध, रोज किती द्यायचा, आणि त्यानं रक्त वाढेल का. शेवटी असंही लिहिलंय की गटातल्या बायका म्हणतात, जमला तर विकूया.

मी लातूर जिल्ह्यात बावीस वर्षं आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. दर हिवाळ्यात आवळ्याचा पाक माझ्या स्वयंपाकघरात होतो आणि पेशंटच्या घरच्या बायकांना मी तो शिकवतेही. पाकावर माझा जीव आहे, म्हणून त्याच्याकडून काय होत नाही ते आधी सांगते.

ताई, ९.१ हा आकडा पाकानं भरून येणारा नाही. पाच वर्षांखालच्या लेकराचं हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. ७ ते ९.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय. यात डॉक्टर साधारणपणे वजनाच्या दर किलोला रोज ३ मिलिग्रॅम लोह देतात. तेरा किलोच्या लेकराला ते ३९ मिलिग्रॅम झालं, आणि तेही निदान दोन महिने. आता गुळाचा हिशोब करा. दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम गुळात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा लोह भरत नाही. ३९ कुठे आणि अर्धा कुठे! आशाताई आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायला सांगतात ते लोहाचं औषध वेगळं. त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं आणि ते रक्त कमी होऊ नये म्हणून असतं. कमी झालेलं भरून काढायचा डोस तपासणी करून डॉक्टर ठरवतात. सोबत जंताचं औषध झालंय का तेही विचारा. दोन महिने नीट औषध घेऊनही आकडा हलला नाही तर कारण दुसरंच असू शकतं, आणि ते शोधावं लागतं.

हे एवढं ताणून सांगायचं कारण आहे. माझ्याकडे एक आई आली होती. ऊसतोडीला जाऊन परत आलेलं कुटुंब. लेकराला लोहाचं औषध लिहून दिलेलं होतं, पण त्यानं संडास काळी होते आणि दातावर डाग पडतात म्हणून बंद केलेलं. त्याऐवजी पाच महिने बीट-गुळाचा पाक चालू होता. मनापासून, एक दिवस न चुकवता. लेकराच्या खालच्या पापणीची आतली बाजू मी ओढून बघितली तर ती कागदासारखी पांढरी. त्याला त्याच दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवावं लागलं, रक्त चढवावं लागलं. लेकरू वाचलं. पण त्या माउलीनं विचारलेलं ‘मी तर रोज देत होते ना?’ अजून माझ्या कानात आहे. लोहाच्या औषधानं संडास काळी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डाग पडू नये म्हणून औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचं आणि लगेच चूळ भरायला लावायची. आणि बाटली लेकराच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही. गोड म्हणून लेकरानं ती एकदम पिऊन टाकली तर लोहाची विषबाधा जिवावर बेतते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळपास ६९ लेकरांत रक्त कमी आढळलं. म्हणजे तुमच्या एकट्या घरातली ही गोष्ट नाही आणि तुमच्या हातून काही चुकलंय असंही नाही.

मग पाक करायचाच कशाला? तर ताटातलं लोह अंगी लागावं म्हणून. धान्य, डाळी आणि पालेभाजीतलं लोह शरीर थोडंच उचलतं. त्याच घासाबरोबर आंबट काही, म्हणजे क जीवनसत्त्व, पोटात गेलं तर ते जास्त उचललं जातं. उलट चहा गेला तर त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. आपल्याकडे सकाळी लेकराच्या हातात बशीभर चहा आणि चार बिस्किटं देण्याची रीत आहे. भूक तिथेच मरते आणि नंतरच्या भाकरीतलं लोहही वाया जातं. तुमच्या पत्रात चहाचा उल्लेख नाही, पण बिस्किट आहे म्हणजे चहा असणारच असं मी धरते. तो आधी बंद करा. दिवसभर दुधाच्या बाटलीवर असेल तर तेही आवरा. दूध पोट भरतं, पण त्यात लोह जवळजवळ नसतं.

आता आवळ्याचा आकडा बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये अन्नघटकांचे नवे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम आवळ्यात सुमारे २५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे. चार वर्षांच्या लेकराला दिवसाला लागतं ३५ मिलिग्रॅम. आपण पाक करतो तेव्हा त्यात जेमतेम अर्धा भाग रस असतो, बाकी साखर. म्हणजे एका चमच्यात, ५ मिलीत, फार तर पाच-सहा मिलिग्रॅम. आचेवर आणि साठवणीत त्यातलंही घटतं. ताजा अर्धा आवळा किसून भाजीत टाकला, किंवा पेरूच्या चार फोडी जेवणासोबत दिल्या, तर दिवसाची गरज एका बैठकीत भागते. म्हणून माझं सांगणं असं की कार्तिकापासून माघापर्यंत, आवळा झाडावर आहे तोवर, लेकराला ताजाच द्या. पाक आहे तो फाल्गुन-चैत्रासाठी, जेव्हा झाडावर आवळा नसतो आणि लिंबाचे भाव चढलेले असतात. आणि ज्या लेकराला आवळ्याचा तुरटपणा चालतच नाही त्याच्यासाठी.

सासूबाईंच्या यादीतल्या बाकीच्या वस्तूंबद्दलही बोलते. बिटाचा रंग लाल म्हणून ते रक्त वाढवतं ही समजूत घराघरात आहे. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नाही. बीट खावं, चांगलं आहे, पण या कामासाठी नव्हे. शेवग्याचा पाला मात्र खरोखर गुणाचा: १०० ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह, भरपूर कॅल्शियम, वर प्रथिनं. पण त्याचा पाक करू नका. पाला उकळून गाळला की पाण्यात थोडंसं उतरतं, बरंचसं चोथ्यात राहतं, आणि चोथा आपण उकिरड्यावर टाकतो. वर रंग काळपट होतो आणि वास असा की लेकरू दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. शेवग्याचा पाला सावलीत वाळवा. उन्हात नको, घरात कापडावर पसरून तीन-चार दिवस. मग चुरून, चाळून डबा भरा आणि भाकरीच्या किंवा थालीपिठाच्या पिठात माणशी एक चमचा घाला. अख्खा पाला पोटात जातो, काही फेकलं जात नाही. आळीवही तसंच. जुन्या तक्त्यांत त्याचं लोह शंभर मिलिग्रॅम छापलेलं असायचं, नव्यात ते सतराच्या आसपास आहे. तरीही ते पुष्कळच. भिजवून खिरीत किंवा लाडवात द्या.

आणि मराठवाड्याच्या ताटात लोहाला तोटा नाही. बाजरीत १०० ग्रॅमला सहाच्या वर, हुलग्यात आठच्या वर. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ नावाचा ज्वारीचा वाण दिला, तो मुद्दाम लोह आणि जस्त जास्त असलेलाच आहे. घरची शेती असेल तर एक पट्टा त्याचा पेरा. येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाची, भज्जी आठवा. तूर, वाटाणा, हरभरा, वाल, मेथी, कांद्याची पात, सगळं एकत्र शिजवलेलं, सोबत आंबट आंबील आणि बाजरीचे उंडे. लोहाचं आणि आंबटाचं लग्न आपल्या आज्यांनी वर्षातून एकदा शेतात लावून दाखवलंय. ते रोजच्या ताटात आणलं की झालं: हुलग्याच्या माडग्यावर लिंबू पिळा, पालेभाजीवर आवळ्याचा कीस टाका. घरात मांसाहार असेल तर आठवड्यातून एकदा काळजाचा छोटा तुकडा मऊ शिजवून द्या. त्यातलं लोह लेकराच्या अंगी सगळ्यात लवकर लागतं.

आता पाकाकडे येते. तुमची बाटली का आंबली? कारण तो पाक नव्हता, गोड पाणी होतं. पाक टिकतो तो साखरेच्या बळावर. साखर इतकी दाट हवी की पाण्याचा थेंबन्‌थेंब तिनं धरून ठेवावा आणि बुरशीला, किण्वाला (यीस्टला) प्यायला पाणीच उरू नये. आमच्या शास्त्रात याला शार्कर कल्पना म्हणतात आणि प्रमाण सांगितलंय द्रवाच्या दुप्पट साखर. आजच्या औषधनिर्मितीत साधं सिरप ६६.७ टक्के साखरेचं असतं. एक भाग पाणी आणि दोन भाग साखर म्हणजे नेमके तेच ६६.७ टक्के. हे प्रमाण ५० वर आलं की पाक आंबणारच, त्यात कोणाच्या हाताचा दोष नसतो. ‘लेकराला जास्त गोड नको’ म्हणून साखर कमी करणं हीच सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे. गोड कमी द्यायचं असेल तर चमचा लहान घ्या, पाक पातळ करू नका.

गुळाचं वेगळंच. गुळात स्वतःची ओल असते, मळी असते, कधी गुऱ्हाळावरून आलेली किण्वंही असतात. साखरेच्या वजनानंच गूळ घातला तर पाक पातळ राहतो आणि उन्हाळ्यात फसफसतो. म्हणून वर्षभर ठेवायच्या पाकाला मी साखर वापरते, आणि गुळाचा पाक आठ-पंधरा दिवसांपुरता, फ्रिजमध्ये. लोहासाठी गूळ घ्यावा इतकं त्यात लोह नाही हे वर आलंच आहे. चवीसाठी घ्या, मनापासून घ्या. मधाचं विचाराल तर तो आचेवर चढवायचा नाही असं आयुर्वेद सांगतं. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांनी बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो, बाळ लुळं पडतं. बारशाला मध चाटवायची रीत असेल तर ती सोडा.

पाकासाठी आवळे घ्यायचे ते पूर्ण भरलेले, पिवळसर झाक आलेले, डाग नसलेले. कोवळा हिरवा आवळा जास्त तुरट असतो आणि रसही कमी देतो. एक किलो घ्या. धुऊन, स्वच्छ फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे होऊ द्या. हे टाळू नका, कारण आपल्याकडचं बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, आणि या पाकात पाण्याचा थेंब बाहेरून जाणारच नाहीये. स्टीलच्या किसणीवर किसा. मिक्सरमधून काढला तरी चालतो, पण रसात फेस आणि हवा फार शिरते आणि क जीवनसत्त्व हवेनंच मरतं. कीस मलमलच्या फडक्यात घेऊन पिळा. पहिली पिळ सोपी असते, दुसरीला मनगट लागतं. फडकं खुंटीला बांधून खालून पीळ देत गेलं की शेवटचा घट्ट रसही येतो. एका किलोला साधारण चारशे मिली मिळतो. पातेल्यात झाकून तासभर स्थिर ठेवा. तळाशी पांढरट साका बसतो, तो न हलवता वरचा रस दुसऱ्या पातेल्यात ओता. उरलेला चोथा फेकायचा नाही. मीठ-जिरं लावून वाळवला की वर्षाची आवळ्याची सुपारी होते.

चारशे मिली रसाला सातशे ग्रॅम साखर. पूर्ण दुप्पट नाही, कारण रसात स्वतःचा थोडा घनभाग असतोच. आणि दुप्पट घातली तर आपल्या डिसेंबरच्या थंडीत बाटलीच्या तळाशी खडीसाखर जमते. खडे जमले की वरचा पाक पातळ होतो आणि तिथूनच बुरशी धरते. रस आणि साखर मंद आचेवर ठेवून लाकडी उलथन्यानं हलवत राहा. आधी गढूळ दिसतं, मग साखर विरघळली की एकदम पारदर्शक, सोनेरी होतं. कडेला मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले आणि वाफ दिसली की आच बंद. खळखळ उकळायचं नाही. थर्मामीटर असेल तर ८० ते ८५ अंश. याच वेळी एखादा इंच आलं ठेचून पुरचुंडीत बांधून सोडलं तर चव खुलते. बाटल्या भरण्याआधी पुरचुंडी काढून टाका.

बाटल्या काचेच्या आणि लहान, २०० मिलीच्या. वीस मिनिटं पाण्यात उकळलेल्या आणि उन्हात पालथ्या घालून पूर्ण वाळलेल्या. बाटली कोमट असतानाच गरम पाक काठाच्या बोटभर खालपर्यंत भरा, झाकण लावा आणि दोन मिनिटं आडवी करा म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. गार झाल्यावर झाकणाखाली वाफेचे थेंब दिसले तर बाटली हलवून ते पाकात मिसळा. तेच थेंब पाकाच्या पृष्ठभागावर पडून तेवढाच थर पातळ करतात आणि बुरशीची पहिली पांढरी टिकली तिथेच उमटते. एवढ्या मालाच्या चार बाटल्या होतात. एक मोठी बाटली भरली तर ती महिनोन्‌महिने रोज उघडली जाते, रोज तिच्यात ओला चमचा जातो. चार लहान भरल्या तर एक उघडी आणि तीन बंद.

पाक बरोबर झालाय का हे तारेवरून ओळखायला माझ्या आजीला येत होतं, मला ते जमायला सहा-सात वर्षं लागली. तुम्हाला एक सोपी खूण देते. गार झालेला पाक औषधाच्या मापानं नेमका १०० मिली घ्या आणि किराण्याच्या काट्यावर भांड्याचं वजन वजा करून तोला. १३० ग्रॅमच्या वर भरला तर पाक टिकेल. १२५ भरला तर तो पातळ आहे, परत आचेवर घ्या, साखर वाढवा. पाणी १०० ग्रॅम भरतं, पाक त्याहून जड भरतो तो त्याची राखण करणाऱ्या साखरेमुळे. या एका मापानं मी कितीतरी पातेली वाचवली आहेत.

भांडं स्टीलचंच. पितळेचं पातेलं कल्हई उडालेलं असेल तर आवळ्याच्या आंबटानं त्यातलं तांबं सुटतं आणि पोटात ढवळून उलट्या होतात. ॲल्युमिनियमही नको. लोखंडी कढईत केला तर लोह येईल असं बऱ्याच जणी विचारतात. भाजी-वरण लोखंडात करा, जरूर करा. पण आवळ्यातलं तुरट सत्त्व लोखंडाशी जमून पाक शाईसारखा काळा होतो, आणि त्या जोडीतलं लोह शरीर सहज सोडवून घेत नाही.

आता मात्रा. पाच मिली, दिवसातून एकदा, दुपारच्या जेवणासोबत, पाऊण वाटी पाण्यात कालवून. मापाची टोपी वापरा, घरच्या चमच्यांत दुपटीचा फरक असतो. पाच मिलीत चार ग्रॅम साखर जाते. मोठा चमचा, पंधरा मिली दिला तर साडेबारा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालासुद्धा दिवसाची वरची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. म्हणजे एका मोठ्या चमच्यात निम्मी साखर संपली. रात्री झोपताना देऊ नका, दात किडतात. दोन वर्षांखालच्या लेकराला हा पाक मुळीच नको, आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही नको. सासूबाईंना साखरेचा आजार असेल तर त्यांनीही चाखण्यापलीकडे जाऊ नये.

भूक लागत नाही त्यासाठी एक आल्या-लिंबाचा गूळपाक सांगते. अर्धा किलो गूळ पाव लिटर पाण्यात विरघळवून उकळा, वरची मळी काढा, फडक्यातून गाळा, परत आचेवर थोडा दाट करा. आल्याचा पाव वाटी रस घालून एक कढ द्या, उतरवा. पूर्ण गार झाल्यावर अर्धी वाटी लिंबाचा रस आणि सैंधव. लिंबू गरम पाकात घालायचं नाही. फ्रिजमध्ये पंधरा दिवस. जेवणाआधी अर्धा तास, अर्धा चमचा कोमट पाण्यात. आल्यानं अग्नी जागा होतो. पण लेकरू दर तासाला काही चघळत असेल तर कोणतंही दीपन, म्हणजे भूक वाढवणारं औषध, काम करणार नाही. दोन जेवणांच्या मधे तीन तास रिकामे जाऊ द्या, मग बघा.

लोहाच्या औषधानं शी कडक झाली तर काळ्या मनुका आणि खजूर रात्री भिजवा, सकाळी बिया काढून त्याच पाण्यात वाटा, चिमूटभर सुंठ घाला. हे चाटण गाळायचं नाही. आठवडाभर फ्रिजमध्ये टिकतं, रोज एक चमचा. अख्खी मनुका एवढ्या लेकराला देऊ नका, घशात अडकते.

काढ्याच्या वनस्पती मनानंच पाकात घालायचा मोह होतो, तो आवरा. ज्येष्ठमध गोड म्हणून सगळे घालतात, पण रोज बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो, अंगावर सूज येते. अडुळसा गरोदर बाईला द्यायचा नाही, तो गर्भाशयाला आकुंचन आणतो. खोकल्याचे पाक वेगळे, पोषणाचे वेगळे. दोन्ही एका बाटलीत कोंबू नयेत.

विकायचं म्हणताय तर आधी अन्न सुरक्षेच्या खात्याकडे गटाची नोंदणी करा. ती ऑनलाइन होते. लेबलवर घटक, वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचा आणि नोंदणी क्रमांक हवा. ‘आवळा सरबत’ म्हणून विकता येईल. ‘रक्त वाढवणारा पाक’ असं छापलं तर तो औषधाचा दावा होतो, त्याला आयुर्वेदिक औषधाचा वेगळा परवाना लागतो. कायद्याचं सोडा, ते वाक्य वाचून एखादी आई लेकराचं लोहाचं औषध बंद करेल. माझ्याकडे आलेल्या आईनं तेच केलं होतं. पहिलं वर्ष घरापुरतं करा. चार बाटल्यांवर तारीख घाला आणि चौथी ज्येष्ठात उघडा. मराठवाड्याचा चैत्र-वैशाख सोसून ती स्वच्छ निघाली, तरच दुसऱ्या कुणाच्या लेकरासाठी पातेलं चढवा.

मागच्या वर्षीची ती आंबलेली बाटली अजून फडताळात असेल तर ओतून द्या. परत उकळून वापरू नका. उकळल्यानं बुरशी मरते, तिनं सोडलेलं विष मरत नाही. आणि दोन महिन्यांनी रक्त परत तपासून आकडा मला कळवा.